डिंकाच्या लाडवातलं संशोधन

चहा आधी संपवा आणि कप खाली ठेवा. ही गोष्ट ऐकताना आमच्या शेजारच्या काकूंना ठसका लागला होता आणि बशी माझी फुटली होती. तेव्हापासून मी ती रिकाम्या हाताच्या माणसांनाच सांगते.

फजिती कुणाची होत नाही? कुणी भाजीत दोनदा मीठ घालतं, कुणी भलत्याच लग्नात जेवून येतं. माझी झाली विज्ञानात. शिक्षण चौथीपर्यंत, आणि मी हात घातला तो एकदम इम्युनॉलॉजीत. हा शब्दसुद्धा मला नीट म्हणता यायला वर्ष गेलं.

हे शास्त्र आमच्या घरात आलं ते माझ्या धाकट्या दिरामुळे. वसंतभाऊजी. डॉक्टर वसंत आंबेगावकर. आंबेगावकरांच्या घराण्यात तोवर सगळे तलवारीचे, फार तर आमचे हे लेखणीचे. दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आले आणि ग्वाल्हेरचेच झाले. हा एकटाच सुई घेऊन निघाला.

त्यांचं काम काय, ते त्यांनी मला स्वयंपाकघरात पाटावर बसून समजावलं होतं. बाळ जन्मतं तेव्हा आईच्या रक्तातली रोगाशी झुंजायची ताकद थोडी बरोबर घेऊन येतं. ती काही महिने पुरते. मग ओसरते. ती नेमकी कधी ओसरते, म्हणजे घटसर्पाची लस नेमकी कधी टोचायची, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी लष्कर आणि हजीरा या मोहल्ल्यांतल्या बायका आपली बाळं घेऊन दर थोड्या महिन्यांनी त्यांच्या प्रयोगशाळेत यायच्या. भाऊजी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायचे आणि सशाच्या पाठीवर कसली तरी परीक्षा करायचे. बाळ वर्षाचं होईपर्यंत हे चालायचं. मधेच बाळ यायचं थांबलं, तर आधीचं सगळं फुकट.

घटसर्पच का? आमची शकू त्यानेच गेली. माझी थोरली. भाऊजी तेव्हा शिकत होते आणि सुट्टीला घरी आले होते. त्या पोरीच्या उशाशी ते बसून होते. त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही, मीही नाही. पण पुढे त्यांनी हा विषय घेतला तेव्हा मला कुणी कारण सांगायची गरज पडली नाही.

तर भाऊजींचं काम असं अर्ध्यावर आलेलं, आणि इकडे राज्य बदललं.

तुम्हाला आठवत असेल, ते दिवसच तसे होते. आधी संस्थान गेलं. मग मध्य भारत झाला आणि राजधानी काही महिने इथे, काही महिने इंदूरला. आमचे हे महसुलात कारकून. त्यांच्या दफ्तराच्या पेट्या इतक्या वेळा आगगाडीत चढल्या की पडावच्या स्टेशनावरचे हमाल त्या नावानिशी ओळखायचे. मग तेही मोडलं, मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. ज्याला त्याला एकच प्रश्न, आपलं खातं राहणार की जाणार, आणि गेलं तर आपण कुठे?

एका संध्याकाळी भाऊजी जेवताना म्हणाले, "भोपाळहून कमिटी येतेय. कोणती प्रयोगशाळा ठेवायची आणि कुणाचा तबादला करायचा, ते ठरवणार."

"मग तुमचं काय?" मी विचारलं.

"बघतील काम. लेख बघतील. आणि दुसऱ्या संशोधकांनी आपल्या लेखांत माझ्या कामाचा उल्लेख किती ठिकाणी केलाय, ते विचारतील. त्यावरून कामाचं वजन कळतं."

"किती ठिकाणी केलाय?"

भाऊजींनी भातात वरण कालवलं. "एके ठिकाणी. कलकत्त्याच्या एका गृहस्थांनी. एक ओळ."

"एकच? मग दुसऱ्यांना सांगा की करायला."

"ते सांगून होत नाही वहिनी. वाचतात, पटलं तर आपणहून करतात."

आपणहून. आता तुम्हीच सांगा, ग्वाल्हेरात आपणहून काय होतं? लग्नाचा बँड ठरवला तरी तीनदा निरोप धाडावा लागतो. माझे सासरे फौजेत बढती पावले ते कसे? दोन सरदारांनी दरबारात त्यांचं नाव काढलं म्हणून. आमच्याकडे माणूस मोठा व्हायचा तो असाच. चार मान्यवरांच्या तोंडी त्याचं नाव आलं पाहिजे, आणि ते यावं यासाठी घरच्यांनी चार उंबरे झिजवले पाहिजेत. त्यात लाज कसली? मला वाटलं, दरबार जाऊन कमिटी आली, एवढाच काय तो फरक.

भाऊजी भिडस्त. ते कुणाकडे जाणार नाहीत. मग मी कशाला होते?

दुसऱ्याच दिवशी जयेंद्रगंजातल्या वैद्यबुवांकडे गेले. त्यांची बाळगुटी गावात प्रसिद्ध, आणि तिचा पर्चा, म्हणजे जाहिरातीचा कागद, ते दरसाल नवा छापायचे. मी म्हटलं, "वैद्यबुवा, पर्च्यात आमच्या भाऊजींचा उल्लेख पाहिजे."

"ते माझ्या गुटीबद्दल काय म्हणतात?"

"गुटीबद्दल काही म्हणत नाहीत. आईच्या रक्तातून बाळाला ताकद मिळते म्हणतात. थोडे महिने."

वैद्यबुवांनी डोळे मिटले. "आईने माझी गुटी घेतली, तर ती रक्तातच जाणार ना?"

"जाणारच. कुठे जाईल?"

"मग आमचं एकमत आहे," ते म्हणाले आणि लिहायला बसले.

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. हुरूप आला. तिथून निघाले ती महिला मंडळाच्या कुसुमताईंकडे. गणेशोत्सवाची स्मरणिका निघायची होती आणि कुसुमताई तीत डिंकाच्या लाडवांवर लिहिणार होत्या.

"लाडवांत तुझ्या दिराला कुठे घालू?" कुसुमताई म्हणाल्या.

"'डॉ. वसंत आंबेगावकर यांच्या मते' असं सुरुवातीला टाका, पुढे तुमचे लाडू."

"पण त्यांचा लाडवांशी काय संबंध?"

"खातात की. तुमचेच खातात."

कुसुमताई विरघळल्या. स्मरणिकेत छापून आलं, डॉ. वसंत आंबेगावकर यांच्या मते डिंक मंद आचेवर तळावा.

मग मला थांबवेना. हजीऱ्याला रामदयाल छापखानेवाला होता. त्याच्याकडे बारशाच्या पत्रिका छापल्या जायच्या. त्याला पटवलं. "भाभीजी, बच्चे के नामकरण में डॉक्टर का नाम?" म्हणाला. मी म्हटलं, "उससे पत्रिका को वजन आएगा." आलं. त्या महिन्यात हजीऱ्यात जी बाळं बारशाला बसली ती सगळी डॉ. आंबेगावकर यांच्या संशोधनानुसार सुदृढ होती. वैद्यबुवांचा पर्चाही हिंदीत करून त्यानेच छापला, आणि तो रामदयाल, हौशी माणूस, त्याने तो रद्दीसारखा वाटला. किराण्याच्या पुड्यांतून सुद्धा घरोघरी गेला.

एक एक कागद घरी आला की मी त्यात आमचं नाव शोधायची. बरोबर छापलंय ना, 'डॉ.' पुढे टिंब आहे ना. बाकी वर काय, खाली काय, ते कोण वाचतं? नाव असलं की झालं.

आमचे हे एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "वसंताला विचारलंयस का?"

"विचारलं तर नको म्हणतील."

"म्हणूनच विचारतात," हे म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. तेवढ्यावर मी थांबले असते, तर तुम्ही आज इथे चहा पिऊन नुसते घरी गेला असता.

त्याच सुमारास भाऊजी जेवताना गप्प राहायला लागले. एकदा म्हणाले, "आज पुन्हा कुणी आलं नाही. बाळं येणं कमी झालंय."

"सणवार आहेत," मी म्हटलं आणि त्यांना आग्रहाने भात वाढला.

कमिटी आली. पडावच्या एका हॉटेलात उतरली. भाऊजींची पेशी, म्हणजे कमिटीपुढची हजेरी, दुसऱ्या दिवशी होती. मी सगळे कागद छान पुठ्ठ्यात बांधले, एका डब्यात लाडू भरले आणि टांगा करून हॉटेल गाठलं. कमिटीचे अध्यक्ष व्हरांड्यात बसले होते. पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे.

"ये क्या है, बहनजी?"

"डॉक्टर आंबेगावकर के उल्लेख. कमिटी को चाहिए थे ना?"

त्यांनी पुठ्ठा उचलून वजन केलं. "ये सब?"

"अभी तो और छप रहे हैं."

"और ये डब्बा?"

"ये भी उन्हीं के हिसाब से बने हैं. मंद आच पे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. लाडू घेतला नाही, पण नमस्कार नीट केला. परतताना टांगेवाल्याला मी घासाघीस न करता भाडं दिलं, यावरून माझ्या मनाची स्थिती ओळखा.

दुसऱ्या दिवशी भाऊजी दुपारीच घरी आले. पाणी मागितलं. प्यायले. मग तो पुठ्ठा माझ्यापुढे ठेवला. त्यांचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी चढला असता तर बरं झालं असतं.

"वहिनी, अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला की डिंकावर आपण किती वर्षं काम करताय."

मी पुठ्ठा जवळ ओढला.

"सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांनी वैद्यबुवांचा पर्चा पुढे केला आणि म्हणाले, तुमच्या लेखात लिहिलंय की आईची ताकद काही महिन्यांत ओसरते. आणि इथे तुमच्याच नावावर लिहिलंय की आईचं रक्त असल्यावर बाळाला घटसर्पाची भीती नाही, सुईची गरज नाही. यातलं खरं काय?"

"असं कुठे लिहिलंय?"

त्यांनी बोट ठेवलं. माझ्या पुढ्यात तो कागद किती दिवस होता. नावाच्या बरोब्बर वरची ओळ. मी अक्षरं लावत वाचली. 'थोडे महिने' हे शब्द वैद्यबुवांनी गाळले होते. सुईचं वाक्य पदरचं घातलं होतं.

"म्हणून बाळं येईनात," भाऊजी म्हणाले. "मला वाटत होतं सण आहेत."

माझ्या हातात चकलीचा सोऱ्या होता. तो तसाच राहिला. लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकली. माझी नाही सरकली. तिथेच घट्ट होती, आणि मला तिच्यावर उभं राहावं लागत होतं. त्या कागदातून मीच हजीऱ्यातल्या आयांना सांगितलं होतं की सुई नको. मी. शकूच्या आईने.

"त्यांना सांगा ना, मी केलं म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं, घरच्या कुणाचा तरी गैरसमज झालाय म्हणून. हेही सांगितलं, की माझा खरा उल्लेख एकच आहे, बाकीचे फेकून द्या. पण बाळं आहेत, आणि मला इथून हलवलंत तर राहिलेली पण हातची जातील."

"मग?"

"महिन्याभराची मुदत दिलीय. बाळं पुन्हा यायला लागली तर काम पुरं होईपर्यंत प्रयोगशाळा राहील. नाही आली तर ससे विकायचे आणि मी भोपाळला."

मी सोऱ्या ठेवला, पदर खोचला आणि चपला घातल्या.

"आता कुठे?" भाऊजी घाबरून म्हणाले.

"वैद्यबुवांकडे."

वैद्यबुवांशी जे बोलणं झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. उरलेले पर्चे त्यांनी आपल्या हाताने बंबात घातले, एवढं सांगते. रामदयालने नवा पर्चा फुकटात छापला. मीच त्याला म्हटलं, ह्यावेळी नाव घालू नकोस. पण छापलेल्या कागदावर आता कोण विश्वास ठेवणार? मी स्वतःच ठेवला नसता.

म्हणून दारोदार गेले. भाऊजी बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा मी मागे आणि ते पुढे असे चाललो.

हजीऱ्याच्या पहिल्याच घरी बाई दारातच अडून उभी राहिली. काखेत गुटगुटीत पोरगं. भाऊजी तिला रक्तातली ताकद, ती कशी ओसरते, सगळं समजावत होते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पर डॉक्टर साहब, आपने ही तो छपवाया था कि सुई मत लगवाओ."

"मैंने नहीं छपवाया," भाऊजी म्हणाले.

"नाम तो आपका ही है."

मी पुढे झाले. "मैंने छपवाया. मुझे अकल नहीं थी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तो अब क्यों मानूँ आपकी?"

खरं विचारलं बाईने. मी काय सांगणार होते? शास्त्र मला येत नव्हतं. जे येत होतं ते मी इतक्या वर्षांत घरातल्या भिंतींनाही सांगितलं नव्हतं.

"मेरी बेटी इसी में गई," मी म्हटलं. "गला बंद हो गया. पानी भी नहीं उतरता था."

भाऊजी खाली बघायला लागले.

"कितनी बड़ी थी?" तिने विचारलं.

मी तिच्या काखेतल्या पोराकडे बोट केलं. "इससे ज़रा बड़ी. चलने लगी थी."

ती आत गेली. मला वाटलं, दार लावणार. ती पोराचं टोपडं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चलो."

असं प्रत्येक घरी झालं नाही, बरं का. काही घरी चहा मिळाला आणि बाळ नाही. एकीने तर मलाच विचारलं, "वह लड्डू वाली आप ही हैं?" पण रोज थोडी थोडी बाळं यायला लागली. मी प्रयोगशाळेच्या बाकावर बसून ती मांडीवर घ्यायची, भाऊजी टाचेला सुई लावायचे, पोरं किंचाळायची, आयांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी त्यांना सांगायची, रडू दे, रडणारं पोर जगतं. हे वाक्य कुठल्याही शास्त्रात नाही. भाऊजींनी खोडून काढलं नाही.

रोज संध्याकाळी परत येताना आम्ही शकूबद्दल थोडं थोडं बोलायला लागलो. ती कशी चालायची, कशावर हट्ट करायची. भाऊजींना माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं.

महिना भरला. आधीची सगळी बाळं काही परत आली नाहीत, पण पुरेशी आली. अध्यक्षांनी काम पुरं व्हायची सवलत दिली. सगळ्यात धाकटं बाळ वर्षाचं झालं, मग प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि भाऊजी भोपाळला गेले. जायचं ते गेलेच, पण रिकाम्या हाताने नाही गेले.

आता शेवटचं ऐका आणि मग घरी जा.

गेल्या दिवाळीत भाऊजी आले. केस माझ्यापेक्षा पांढरे. चेहरा मात्र खुशीत. फराळाला बसल्यावर मी भीत भीत विचारलं, "काय हो, आता उल्लेख करतात का लोक?"

"करतात की. पुष्कळ करतात. परदेशातसुद्धा."

माझा ऊर भरून आला. "म्हणजे ताकद कधी ओसरते, ते तुम्ही शोधलंत म्हणून?"

भाऊजींनी चिवड्यातला शेंगदाणा शोधला. "ते इतरांनीही शोधलंय वहिनी. थोडं आधीच. लोक जास्त करून माझ्या लेखातल्या एका तळटीपेची आठवण काढतात."

"म्हणजे?"

"पानाच्या खाली बारीक अक्षरांत असते ती. मला सांगावं लागलं ना, की इतकी बाळं मधेच यायची का थांबली. तेव्हा लिहिलं, की संशोधकाच्या कुटुंबातल्या एका स्त्रीने त्याच्याच नावाने चुकीची माहिती गावभर पसरवल्यामुळे. अशी अडचण कुणी लिहून ठेवली नव्हती म्हणे. आता ज्याला त्याला संशोधनात सावधगिरीचं उदाहरण द्यायचं असतं, तो तुमचं देतो."

आमचे हे पेपराआड हलायला लागले. हसत होते.

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? थोडा वेगळाच सल होता. "भाऊजी," मी म्हटलं, "एवढं सगळं जग वाचतंय, तर निदान माझं नाव तरी घालायचं."

"घालणार होतो," भाऊजी म्हणाले. "पण आडनाव एकच पडलं. लोक म्हणाले असते, हे आंबेगावकर आपल्याच घरच्यांचे उल्लेख वाढवतात."